तांब्यातली म्हातारी राणी आणि पुण्यातले पाच दिवस

शनिवार

साताऱ्याहून साडेसहाची विनाथांबा एस्टी मिळाली, खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत झोप, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर जाग, आणि नऊच्या आत स्वारगेट. जानेवारी असल्यामुळे स्वेटर घालून निघालो होतो तो कात्रजलाच काढून बॅगेत कोंबला. बॅगेत बाकी काय, तर दोन जोड कपडे, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा, भिंग, चुंबक, आणि रुमालात गुंडाळलेला प्रिन्स अल्बर्ट.

हा अल्बर्ट म्हणजे 1851 च्या लंडनच्या त्या मोठ्या प्रदर्शनात ज्यांनी आपला माल मांडला होता त्यांना दिलेलं मेडल. एका बाजूला अल्बर्टचं डोकं, विल्यम वायनने कोरलेलं. वायन म्हणजे ब्रिटिश टाकसाळीचा मुख्य कोरीवकाम करणारा, पोस्टाच्या पहिल्या तिकिटावर, 1840 च्या पेनी ब्लॅकवर, राणीचा जो चेहरा आहे तो याच माणसाच्या एका मेडलवरून घेतलेला. तर हे मेडल काही वर्षांपूर्वी माझ्याकडून सदाशिव पेठेत आत्याकडे विसरलं, आणि आत्याने दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच-मीठ लावून घासलं. मी न्यायला आलो तर मस्त चॉकलेटी रंगाचा अल्बर्ट नव्या कळशीसारखा गुलाबी झालेला. "किती काळं पडलं होतं रे, बघ आता कसं लखलखतंय." काय बोलणार. चहा प्यायलो आणि घेऊन गेलो. या वेळी म्हटलं त्याचं काही होतं का बघू, कसब्यात तांबट आळीत दाखवू.

घरच्यांना अजून वाटतं मी पदकं गोळा करतो म्हणजे कुणीतरी शर्यतीत जिंकलेली. तसं नाही ते. ही गळ्यात घालायची नाहीत, हातात घेऊन बघायची. दिसायला जाड नाण्यासारखी, पण किंमत छापलेली नसते, एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला तो प्रसंग, लढाई, राज्यारोहण, पूल, प्रदर्शन, काहीही. एकोणिसाव्या शतकात युरोपात याचं वेड होतं, सोनं-चांदी मोठ्या लोकांना आणि तांबं-ब्राँझ बाकीच्यांना, आणि मला परवडतं ते तांबं. शिवाय चांदी लोकांनी वितळवली, तांबं कपाटात पडून राहिलं.

संध्याकाळी नारायण पेठेत एका काकांकडे गेलो. ओळख फोनवरची, प्रत्यक्ष पहिल्यांदाच. त्यांनी सांगितलं होतं सहा म्हणजे सहा, मी पाच पन्नासला पोचलो तर जिन्यात उभा राहिलो दहा मिनिटं. आत गेल्यावर पहिलं वाक्य, "हात धुवून या." बरोबर आहे त्यांचं. घामाचं बोट तांब्यावर टेकलं की आज काही दिसत नाही, सहा महिन्यांनी तिथे ठसा उमटतो आणि तो मग जात नाही, त्या चेहऱ्यावर तुमचं बोट कायमचं.

लाकडी खण, आत हिरवं कापड, गोल खाचा, प्रत्येक खाचेत एक मेडल आणि त्याखाली चिठ्ठी. मुडीच्या मालिकेतली सात आहेत त्यांच्याकडे. जेम्स मुडी म्हणून एकाने 1820 मध्ये इंग्रजांच्या विजयांची चाळीस मेडलं काढली होती, पूर्ण संच मी तरी कुठे पाहिला नाहीये. पण त्यांचं लाडकं एकच, आणि ते खरं तर अठराव्या शतकातलं. कॉर्नवॉलिस. बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत क्यूखलरने कोरलेलं, पुढे कॉर्नवॉलिसचा चेहरा आणि मागे 1792 चा तह, टिपूची दोन मुलं ओलीस म्हणून त्याच्या हवाली होतायत. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "यात हरिपंत फडके शोधून दाखवा. परशुरामभाऊ पटवर्धन शोधा." मी शोधायला लागलो की खरंच! मग हसले. त्या मोहिमेत मराठ्यांची फौज होती, निजामाची होती, श्रीरंगपट्टणला सगळे जमले होते, मेडलवर मात्र साहेब एकटाच जिंकलेला. "पैसे ज्याचे, चेहरा त्याचा," असं म्हणून त्यांनी खण लावून टाकला.

शेवटी त्यांनी दाव्हिद दांजेचं एक दाखवलं. हा फ्रेंच शिल्पकार, 1788 ते 1856, याने आपल्या काळातल्या लेखक, शास्त्रज्ञ, सेनापती, गायक अशा पाचशेहून जास्त लोकांची चेहऱ्याची पदकं केली. ही ठशाने मारलेली नाहीत, ओतलेली, एकाच बाजूला चेहरा, तळहाताएवढी मोठी, आणि मातीत बोटाने ओढल्यासारखी केसांची वळणं. माझं तर तोंडच उघडं राहिलं. काका म्हणाले मागची बाजू बघा. मागे सगळं खडबडीत, दाणेदार, वाळूसारखं. म्हणजे ओतीव नाही, गॅल्व्हॅनो. साच्यावर विजेने तांब्याचा थर चढवायचा आणि तेवढीच पातळ कवची काढून घ्यायची, ही युक्ती 1838 च्या सुमारास निघाली आणि मग मूळ मेडलांच्या नकला धडाधड झाल्या. काकांनी स्वतः ओतीव समजून घेतलेलं, चौदा वर्षांपूर्वी, आणि घरी आल्यावर उलटून बघितलं! हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला माणूस एकदम आवडला. माझी ओळख असलेले बाकीचे संग्राहक आपण कुठे फसलो ते मरेपर्यंत सांगत नाहीत.

त्यांचा मुलगा अमेरिकेत. तो म्हणतो बाबा दोनचार पाठवा ना, भिंतीवर लावतो. काका म्हणतात कायदा वाच. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर अशी नेता येत नाही, मग ती मुळात लंडनला किंवा पॅरिसला का बनलेली असेना. इथेच राहणार सगळं, फार तर पेठ बदलेल.

रविवार

जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, आणि आठच्या आत गेलात तरच अर्थ आहे कारण दहानंतर नुसते धक्के. थंडीत ताडपत्र्या अजून उलगडतच होत्या. नळ, पान्हे, ड्रिल मशीन, बंद पडलेले मोबाईल पोत्याने, एका पायाचे बूट (हे कोण घेतं हा प्रश्न मला पंधरा वर्षं पडलाय), पितळी कुलपं, खोटे ग्रामोफोन, आणि मधेमधे नाणीवाले.

नाणीवाल्यांकडे सगळ्यात जास्त काय असतं तर 1818 ची ईस्ट इंडिया कंपनीची रामदरबार नाणी. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला अर्धा आणा. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही, तरी गावोगाव ती "तांदूळ ओढणारी" म्हणून लाखात विकायला निघतात आणि लोक जमिनी विकून त्यात पैसे घालतात. एक जण माझ्यासमोर चुंबक आणि तांदळाचे दाणे घेऊन बसला होता. मी पुढे सरकलो, सकाळी सकाळी वाद नको.

मग एका कोपऱ्यावर नेपोलियन दिसला. खरंच दिसला! साधारण चाळीस मिलिमीटरचं, लालसर तपकिरी, डोक्यावर पानांचा मुकुट, मागे दोघांनी ढालीवर उचलून धरलेला सम्राट आणि खाली तेरावं वर्ष, म्हणजे त्यांच्या क्रांतीच्या कॅलेंडरचं, आपलं 1804. राज्याभिषेकाचं मेडल. मानेखाली कोरणाऱ्या आंद्रियची सही. छातीत धडधड. विक्रेता तरुण, पंचवीसचा असेल, म्हणाला, "अठराशे चारचं आहे साहेब, ओरिजिनल, बारा हजार." मी काही न बोलता कड फिरवायला लागलो.

पॅरिसची टाकसाळ जुने ठसे फेकून देत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या ठशावरूनही मागणी आली की पुन्हा मेडल मारून विकते. म्हणजे तोंड बघून कधीच कळणार नाही की ते 1804 चं आहे की तुमच्या जन्मानंतरचं. पण 1832 पासून त्यांनी कडेवर बारीक खूण मारायला सुरुवात केली, आणि ती खूण मधूनमधून बदलत गेली. आधी दिवा, मग 1841 ला जहाजाचा नांगर, 1842 ला जहाजाचं नाक, 1845 ला बोट दाखवणारा हात, 1860 ला मधमाशी, आणि 1880 पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. खुणेशेजारी धातूचं नाव असतं, तांबं असेल तर फ्रेंचमध्ये कुईव्र, नाहीतर ब्राँझ. कड कोरी असेल तर 1832 च्या आधीचं असण्याची आशा. मी बोटावर फिरवत फिरवत गेलो, कोरी, कोरी, अजून कोरी, माझा श्वास अडकलेला, आणि मग उन्हात चमकलं, ब्राँझ, आणि त्याच्या शेजारी ते तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान शिंग.

मी त्याला दाखवलं. म्हटलं हे 1880 नंतरचं आहे, खोटं नाहीये हां, टाकसाळीनेच काढलंय, पण बारा हजाराचं नाही. तो वैतागला. "साहेब तुम्ही कडा काय बघत बसलाय, तोंड बघा ना तोंड!" शेजारचा कुलूपवाला मोठ्याने हसला. मी दीड हजार बोललो, तो नाही म्हणाला, विषय संपला.

त्याच्याच ताटात खाली अजून एक मेडल पडलेलं होतं, मोठं, साधारण छप्पन्न मिलिमीटरचं, राणी व्हिक्टोरिया, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. 1897 चा हीरक महोत्सव. साडेतीन हजार म्हणाला. मी फोनवर दोन फोटो काढले, सवयीने, आणि ठेवून दिलं. हे मेडल ब्रिटिश टाकसाळीने सोन्यात, चांदीत, ब्राँझमध्ये, आणि मोठ्या-लहान दोन मापांत काढलं, भरपूर काढलं, दुर्मिळ वगैरे काही नाही, इंग्लंडात तर जुन्या कपाटांत सर्रास निघतं. मी काय दुर्मिळ शोधायला आलो होतो, हे काय घेऊन जायचं. आता लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा अशीच मिजास होती.

दुपारी मिसळ. मग झोप.

सोमवार

कसबा पेठेत मेट्रोतून वर आलं की पाचेक मिनिटांत आवाज सुरू होतो, आणि आवाजामागे गेलं की तांबट आळी. टण टण टण टण, एकाच लयीत, आणि दोन घरं सोडून दुसरी लय. पेशवाईत कोकणातून आलेली ही मंडळी, पूर्वी हंडे, घागरी, पाणी तापवायचे बंब, आता हॉटेलवाल्यांसाठी पाण्याचे जग आणि दिवे जास्त करतात. बाहेर एका ओट्यावर साठीतले एक काका हातोडीने ताटलीवर मठारकाम करत बसले होते, म्हणजे ते ठोक्याठोक्याचे गोल डाग, ओळीत, एकाला एक चिकटून. मी उभा राहून बघत होतो तर न बघताच म्हणाले, "फोटो काढायचा तर काढा, पण उजेड सोडा."

मी रुमाल उघडून अल्बर्ट दिला. त्यांनी हातोडी ठेवली, हात पुसले, आणि आधी वजन बघितलं, हातातल्या हातात दोनदा उडवून. मग नखाने कडेवर टिचकी. "हे ओतलेलं नाही. दाबलंय. मोठ्या मशिनीत."

"एका दाबात होत नाही काका," मी माझं पुस्तकी ज्ञान बाहेर काढलं. एवढा उठाव यायला तीन, चार, कधी त्याहून जास्त वेळा मारावं लागतं आणि प्रत्येक दोन मारांच्या मध्ये तुकडा भट्टीत घालून तापवावा लागतो. ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी त्यांना सांगतोय की पाणी ओलं असतं. "मग? तांबं मार खाल्ल्यावर ताठतंच. आम्ही काय वेगळं करतो? तीनशे ठोके मारले की ते बोलेनासं होतं, मग तापवा, पाण्यात टाका, मऊ, परत बसा." मागे भट्टीत त्यांचा मुलगा एक पत्रा लाल करत होता, तो त्याने चिमट्याने उचलून हौदात बुडवला, चर्र आवाज, वाफ, आणि बाहेर काढला तेव्हा काळ्या खपलीखालून तोच गुलाबी रंग, माझ्या अल्बर्टचा. मी पुस्तकातून हे वाचलेलं होतं, समोर बघितलं नव्हतं. त्या पत्र्याला त्यांनी माझ्यासमोर हाताने वाकवलं, वहीचं पुठ्ठं वाकवावं तसं, आणि त्यानंतर आधीच्या ठोकलेल्या ताटलीला हात लावायला सांगितलं. ढिम्म.

मग मुद्द्यावर आलो. रंग परत येईल का?

त्यांनी अल्बर्ट दारात नेला, उजेडात तिरका धरला. केसांच्या खाचांमध्ये थोडा जुना चॉकलेटी अजून शिल्लक आहे, चिंचेचं पाणी तिथे पोचलेलं नाही. ते बघून म्हणाले, "हा रंग आपोआप आलेला नव्हता हो. हा आणलेला होता." अगदी बरोबर! त्या काळची पुष्कळशी ब्राँझ म्हणून विकलेली इंग्लिश मेडलं मुळात तांब्याची, आणि टाकसाळीतच त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो तपकिरी रंग चढवायचे. म्हणूनच याद्यांमध्ये एकाच मेडलला कुणी तांबं लिहितं, कुणी ब्राँझ, आणि दोघं भांडतात. आत्याने काढलं ते म्हणजे मळ नव्हताच, तो कामाचा शेवटचा हात होता.

"मी करून देईन," काका म्हणाले, "पण मग खाचेतला एक आणि वरचा एक, दोन रंग दिसणार. आणि कुणी विचारलं तर सांगावं लागेल तुम्हाला." मग थोडं थांबून, "कोण घासलं?" मी सांगितलं आत्याने. "मग राहू दे असंच. घरातलंच आहे."

मी त्यांच्याकडून एक तांब्या घेतला, मठारलेला, आत कल्हई नसलेला, पाण्यासाठी. किंमत सांगितली ती दिली, घासाघीस करायचं धाडसच झालं नाही. निघताना कसबा गणपतीला नमस्कार केला, पुढच्या चौकात अमृततुल्यवर दोन चहा, आणि पायीपायी आत्याकडे. रात्री जेवताना आत्याला तो तांब्या दिला. ती म्हणाली आता हा मी घासू ना? म्हटलं हा घास.

मंगळवार

आत्याच्या नातवाचं विद्यापीठात एक कागद जमा करायचं काम होतं, तो मुंबईत नोकरीला, तर मी म्हटलं मी जातो. दहा मिनिटांत झालं. मग हातात आख्खी सकाळ. मुख्य इमारतीकडे गेलो, ती मनोऱ्याची, जुन्या दगडाची, समोर हिरवळ. हे पूर्वीचं गव्हर्नमेंट हाऊस, मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे येऊन राहायचे. बाकावर बसलो, शेंगदाणे खाल्ले, आणि काही काम नव्हतं म्हणून फोनमधले रविवारचे फोटो बघायला लागलो.

राणीच्या चेहऱ्याभोवती लॅटिन आहे. मी ते याआधी कधी नीट वाचलंच नव्हतं, यादीत असतं म्हणून पुढे जायचं. शब्द एकेक करून शोधले. विक्टोरिया, आन्नुम रेग्नी, सेक्सागेसिमुम, फेलिसितेर क्लाउदित. म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचं साठावं वर्ष सुखाने पूर्ण करते. आणि त्यापुढे तारीख, रोमन आकड्यांत, 20 जून 1897.

20 जून. मी त्याच इमारतीसमोर बसलेलो आहे. 22 जूनच्या रात्री याच इमारतीत हीरक महोत्सवाचा सोहळा होता, याच दारातून प्लेग कमिशनर रँडची बग्गी निघाली आणि खाली गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर वाट बघत होता. गोंद्या आला रे आला. हे आपल्याला चौथीपासून पाठ, पण तो सोहळा कशाचा होता हे डोक्यात कधी राहिलंच नव्हतं, आणि माझ्यासारख्या मेडलवाल्याच्या तर अजिबातच नाही! मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. पुढच्या एप्रिलमध्ये दामोदरला येरवड्यात फाशी, आणि 1899 च्या मे महिन्यात त्याचे भाऊ वासुदेव, बाळकृष्ण आणि साथीदार महादेव विनायक रानड्यांना. त्याच सप्टेंबरात म्हणजे 1897 च्या, टिळकांना केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा. आणि या सगळ्याच्या आधी सहा महिने पुण्यात प्लेग, घराघरांत घुसलेले सोल्जर, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत.

त्या वर्षाबद्दल टाकसाळीने तांब्यावर कोरलंय, फेलिसितेर. सुखाने.

मी उठलो. बाहेर येऊन गणेशखिंड रस्त्याने चालायला लागलो, खरं तर चालण्यासारखा रस्ता नाही आता, गाड्या, मेट्रोचे खांब, धूळ, सिग्नल. पण चाललो. चापेकरांच्या स्मारकापाशी थांबलो, दोन मिनिटं, मागून हॉर्न. डोक्यात एकच, ते मेडल त्या पोराच्या ताटात असेल का अजून, आणि मी रविवारी ते दुर्मिळ नाही म्हणून ठेवून आलो.

नारायण पेठेतल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." एवढंच.

बुधवार

सात वाजता जुन्या बाजारात. रविवारच्या कोपऱ्यावर तो नाही! तिथे एक बाई प्लास्टिकचे डबे मांडत होत्या, त्यांनी सांगितलं तो बुधवारी पलीकडे बसतो. पलीकडे म्हणजे कुठे, तर हात असा हवेत. दोन फेऱ्या मारल्या, कुलूपवाला दिसला, म्हटलं तो नाणीवाला, तर म्हणाला, "कडा बघणारे साहेब ना तुम्ही?" आणि स्वतः उठून मला घेऊन गेला.

ताटात नेपोलियन होता, राणी नव्हती. माझा चेहरा पडला तो त्याने बघितला असणार कारण लगेच खालून एक बिस्किटांचा डबा काढला, त्यात ती. आणि मी चूक केली, डोळे चमकले असतील. "पाच हजार."

"रविवारी साडेतीन बोललास."

"रविवारी तुम्हाला नको होतं."

यावर काय उत्तर आहे. मी डबा बाजूला घेऊन नीट बघायला बसलो, त्याच्याच स्टुलावर. पुढे म्हातारी, थॉमस ब्रॉकने केलेला चेहरा, पदर, गळ्यात हार, ओठ खाली ओढलेले. मागे अठरा वर्षांची, केस वर बांधलेले, हा पुन्हा वायनचा जुना चेहरा, 1837. तिच्याभोवती बायबलमधलं वचन, उजव्या हातात दीर्घायुष्य आणि डाव्या हातात वैभव. कडेवर ओतकामाची शिवण नाही, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, अक्षरांच्या कडा नखाला लागतात. म्हातारीच्या खांद्यामागे कडेला एक दणका बसलाय, कधीतरी फरशीवर पडलं असणार. आणि मागच्या बाजूला तरुण राणीच्या मानेखाली हिरवा ठिपका, मोहरीएवढा. हा मात्र नीट तपासला. दातकोरणं मागितलं शेजारच्या चहावाल्याकडून, टोकाने हलकेच खरवडलं. हिरवं जर पिठासारखं झडलं तर तो क्लोराईडचा रोग, दमट हवेत पसरत जातो आणि तांबं खाऊन टाकतो. झडलं नाही. टणक, गुळगुळीत. नुसता जुना डाग.

दणका दाखवला, ठिपका दाखवला, उठून दहा पावलं गेलो, बोलावलं, परत गेलो, असं सगळं रीतसर होऊन अठ्ठावीसशेला झालं. कुलूपवाला पूर्ण वेळ उभा होता, निघताना म्हणाला "स्वस्तात दिलं रे," कुणाला म्हणाला माहीत नाही.

आत्याकडे येऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काटा मांडला. मेडल कोरडं, 77.6 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केलं आणि मेडल शिवणाच्या दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडलं, तळाला न टेकता, काट्यावर आलं 8.8. भागाकार 8.82. तांब्याची घनता 8.96, ब्राँझची थोडी कमी, त्यामुळे तांबं की ब्राँझ हे यावरून छातीठोक सांगता येत नाही, पण जस्ताचा ओतीव माल असता तर आकडा सातच्या आसपास घुटमळला असता. लगेच पुसलं, आणि केस वाळवायच्या मशीनने अगदी लांबून कोरडं केलं.

आत्या हे सगळं पोळ्या लाटता लाटता बघत होती. हात धुवून आली (मी सांगितलं नव्हतं), कडेला धरून बघितलं.

"ही कोण म्हातारी?"

"व्हिक्टोरिया राणी."

उलटलं. "आणि ही? सून?"

"हीच. साठ वर्षांआधीची."

आत्याने पुन्हा उलटलं, पुन्हा सुलटं केलं, चष्मा वर करून, खाली करून. आत्याला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली दिवाळीत. मी तिला ते लॅटिन सांगितलं, तारीख सांगितली, गणेशखिंडीचं सांगितलं. ती म्हणाली तिच्या आजेसासूबाई प्लेगच्या साली गावाबाहेर झोपडीत राहायला गेल्या होत्या, तीन पोरं घेऊन, परत आल्या दोन घेऊन. मला हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. मग तिने मेडल ओट्यावर ठेवलं आणि तव्यावरची पोळी उलटली, ती जरा करपली होती.

चिठ्ठी लिहिली. 1897, ब्राँझ, 56 मिमी, ब्रॉक आणि वायन, कडेला मार, जुना बाजार पुणे, बुधवार, 2800.

साडेपाचची एस्टी, खिडकीची जागा मिळाली. राणी शर्टाच्या वरच्या खिशात, बटण लावून. अल्बर्ट बॅगेत, रुमालात, आहे तसाच गुलाबी.